संग्रहालयात अंधार का असतो?

जेवताना शर्टावर आमटी सांडते. साबणाने कितीही घासले तरी हळदीचा पिवळा डाग हटत नाही. उलट साबण लागताच तो लालसर होऊन जास्तच उठून दिसतो. अशा वेळी घरातली मोठी माणसे काय सांगतात? "उन्हात टाक, जाईल." आणि खरोखरच, दिवसभर शर्ट दोरीवर वाळला की संध्याकाळी तो डाग शोधावा लागतो. साबणाला न जमलेले काम उन्हाने केलेले असते.

हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. डाग गेला याचा आपल्याला आनंद होतो आणि आपण ती गोष्ट विसरून जातो. पण क्षणभर अशी कल्पना करा, की तो पिवळा रंग म्हणजे डाग नसून दोनशे वर्षांपूर्वी कुणी तरी मोठ्या कष्टाने कापडावर चढवलेला रंग आहे. मग तेच ऊन मित्र राहत नाही. आज त्या हळदीच्या डागाचे बोट धरून आपण एका संग्रहालयात जाणार आहोत आणि तिथल्या अंधाराचे कोडे सोडवणार आहोत.

दिवे गेले की काय?

अहमदाबादेत शाहीबाग भागात 'कॅलिको म्युझियम ऑफ टेक्स्टाइल्स' हे वस्त्रांचे संग्रहालय आहे. गौतम साराभाई आणि त्यांची बहीण गिरा साराभाई यांनी ते १९४९ साली सुरू केले. भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी अशा संग्रहालयाची कल्पना गौतमभाईंना सुचवली होती. प्रारंभी हे संग्रहालय साराभाईंच्या कॅलिको गिरणीच्या आवारात होते. १९८३ मध्ये ते साराभाईंच्या शाहीबागेतील वास्तूत हलवण्यात आले. जुन्या गुजराती हवेल्यांचे कोरीव लाकडी दर्शनी भाग तेथील इमारतींना बसवलेले आहेत. गौतमभाईंचे धाकटे बंधू म्हणजे विख्यात भौतिकशास्त्रज्ञ डॉ. विक्रम साराभाई. कापडाचे आणि भौतिकशास्त्राचे नाते या एकाच कुटुंबात किती सहज नांदत होते पाहा! विक्रमभाईंनी १९४७ साली अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली आणि त्याच सुमारास कापड गिरण्यांसाठी 'अतिरा' ही संशोधन संस्थाही उभी केली.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या सहलीबरोबर मी तेथे गेलो होतो. बाहेर मार्चमधले लख्ख ऊन होते. दालनात पाऊल टाकले आणि मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले, "दिवे गेले की काय?" कुणी म्हणाले, "एवढे मोठे संग्रहालय आणि विजेची काटकसर करतात!" खिडक्या झाकलेल्या, दिवे मंद, छायाचित्रे काढायला मनाई. मुले हिरमुसली. मी मात्र मनातल्या मनात ओशाळलो होतो. त्याचे कारण मी पुढे सांगणार आहे.

मित्रांनो, अशा ठिकाणी गेलात तर एक करा. पहिली काही मिनिटे काहीही पाहण्याची घाई करू नका. नुसते उभे राहा. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांतील बाहुल्या काही क्षणांत मोठ्या होतात, पण दृष्टिपटलाला मंद उजेडाची सवय व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. सात-आठ मिनिटे गेली की भिंतीवरचे रंग हळूहळू उमलू लागतात. आम्हालाही तसेच झाले. कुजबुज थांबली आणि मुले पाहू लागली.

अंधारात काय दिसले?

पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो पटोळा. गुजरातेतील पाटण या गावचे हे रेशमी वस्त्र. साध्या छापील कापडात आधी कापड विणतात आणि मग त्यावर नक्षी उठवतात. पटोळ्यात क्रम उलटा असतो. विणण्यापूर्वीच उभ्या धाग्यांवर, म्हणजे ताण्यावर, आणि आडव्या धाग्यांवर, म्हणजे बाण्यावर, ठरावीक अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारतात. धागे रंगात बुडवले की गाठीखालचा भाग कोरा राहतो. मग काही गाठी सोडतात, नव्या मारतात आणि दुसऱ्या रंगात बुडवतात. असे प्रत्येक रंगासाठी करावे लागते. शेवटी माग लावतात तेव्हा ताण्यावरचा लाल ठिपका बाण्यावरच्या लाल ठिपक्यावर नेमका यावा लागतो. धागा केसभर सरकला तर हत्तीची सोंड वाकडी होईल! म्हणून विणकर मधून मधून थांबून सुईने धागे जागेवर आणतात. एका साडीला कित्येक महिने लागतात. हे काम करणाऱ्या साळवी कुटुंबांविषयी अशी परंपरा सांगतात, की सोळंकी राजा कुमारपाळाने बाराव्या शतकात त्यांच्या पूर्वजांना आपल्या जालन्याहून पाटणला नेले. पटोळा फाटेल पण त्याचा रंग जाणार नाही, अशा अर्थाची एक म्हण गुजरातीत आहे. ही म्हण लक्षात ठेवा. आपल्याला तिची परीक्षा घ्यायची आहे.

पुढे कच्छ-सौराष्ट्राकडची लोकवस्त्रे होती. भरतकाम केलेले घागरे, चोळ्या, दारावरची तोरणे आणि त्यांत टाक्यांनी बसवलेले आरशांचे लहान लहान तुकडे. हे आरसे साध्या आरशासारखे सपाट नव्हते. जुन्या पद्धतीत काच तापवून, फुंकून तिचा मोठा गोळा करत, त्याला आतून चकचकीत लेप देत आणि मग तो गोळा फोडून त्याचे तुकडे वापरत. गुजरातेतील कपडवंज हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. गोळ्याचा तुकडा म्हटल्यावर त्याला किंचित फुगवटा आलाच. म्हणजे प्रत्येक टिकली हा एक लहानसा बहिर्वक्र आरसा झाला!

याचा उपयोग काय? सपाट आरसा दिव्याचा किरण एकाच दिशेला परत पाठवतो. त्या दिशेला तुमचा डोळा नसेल तर आरसा काळाच दिसेल. बहिर्वक्र आरसा किरण पसरवून परावर्तित करतो. त्यामुळे खोलीत कुठेही उभे राहा, शेकडो टिकल्यांपैकी अनेकींमध्ये तुम्हाला दिव्याची बारीक प्रतिमा दिसतेच. घागरा नेसलेली बाई चालू लागली की चमचम थांबतच नाही. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर साधारण १ लक्स इतका उजेड पडतो. 'लक्स' हे उजेडाच्या तीव्रतेचे एकक आहे. जुन्या घरांत रात्री एवढाच उजेड असे. ही वस्त्रे ज्यांनी घडवली त्यांनी ती अशाच मंद उजेडात पाहिली होती. दालनातील उजेड त्या मानाने भरपूरच म्हणायचा.

आणखी एका भिंतीवर 'माता नी पछेडी' होती. देवीची चित्रे असलेले हे कापड अहमदाबादच्या साबरमतीकाठी तयार होत आले आहे. त्यात प्रामुख्याने तीनच रंग : पांढरा, लाल आणि काळा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस आंबवून केलेल्या द्रवाने त्यावर रेघ काढली, की हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन रेघ काळी होते. जिथे तुरटी लावली तिथे आल किंवा मंजिष्ठा यांच्या मुळांतील रंग धरला जाऊन लाल होतो. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला पकडून ठेवते. मुळांऐवजी पुढे कारखान्यातील ॲलिझरिन आले, पण तुरटीचे काम तेच राहिले.

रंग दिसतो म्हणजे काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हळद पिवळी का दिसते? हळदीतील कर्क्युमिनचा रेणू पांढऱ्या प्रकाशातील जांभळा आणि निळा भाग शोषून घेतो. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांकडे येतो, तो पिवळा दिसतो. नीळ निळी दिसते, कारण तिचे रेणू नारिंगी-तांबडा भाग शोषतात. कोणताही रंगद्रव्याचा रेणू काही प्रकाश गिळतो, म्हणूनच त्याला रंग असतो.

पण गिळलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते? प्रकाश हा ऊर्जेच्या पुडक्यांच्या, म्हणजे फोटॉनच्या, रूपाने येतो हे तुम्ही वाचले असेल. तरंगलांबी जितकी कमी तितकी प्रत्येक पुडक्यातील ऊर्जा जास्त. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा, म्हणजे फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळेल. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ७०० नॅनोमीटर धरली तर ऊर्जा सुमारे १.८ येते. जांभळ्यासाठी, म्हणजे ४०० नॅनोमीटरला, ३.१ येते. डोळ्यांना न दिसणाऱ्या ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांसाठी ती ४.१ होते.

आता याची तुलना रेणूच्या मजबुतीशी करू. दोन कार्बन अणूंमधील साधा बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तांबड्या फोटॉनला हे सहसा जमणार नाही. अतिनील फोटॉनला सहज जमेल. म्हणून अतिनील किरण रंगाचे आणि धाग्याचेही मोठे शत्रू आहेत. कापसातील सेल्युलोजच्या लांब साखळ्या त्यांनी तुटतात. रेशीम तर याबाबतीत फारच नाजूक. ते पिवळे पडते आणि हात लावताच चिरू लागते.

मग अतिनील किरण अडवले की काम झाले का? नाही. निळा-जांभळा फोटॉन बंध सरळ तोडत नसला, तरी त्याची ऊर्जा मिळालेला रेणू क्षणभर उत्तेजित होतो. त्या अवस्थेत हवेतील ऑक्सिजन आणि बाष्प यांच्याशी त्याची अशी रासायनिक क्रिया होऊ शकते, जी एरवी होत नाही. एकदा रेणूची रचना बदलली की तो पूर्वीसारखा प्रकाश शोषत नाही, रंग उडतो. निळीचा रेणू शोषलेली ऊर्जा सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कितीतरी कमी वेळात उष्णतेच्या रूपाने टाकून देतो, त्यामुळे क्रिया व्हायला सवडच मिळत नाही. म्हणून नीळ टिकते. तुरटीच्या ॲल्युमिनियमशी बांधला गेलेला मंजिष्ठेचा लाल रंगही चांगला टिकतो. बिचारी हळद मात्र एका दुपारीत हार मानते.

म्हणजे पेच लक्षात आला ना? ज्या प्रकाशामुळे रंग दिसतो, तोच प्रकाश शोषला जाऊन रंग नष्ट करतो. रंग पाहायचा तर प्रकाश हवा, आणि प्रकाश पडला की रंगाचा थोडा भाग कायमचा खर्च होतो.

दोन शास्त्रज्ञांचा शोध

ही गोष्ट नीट तपासून पाहिली ती इंग्लंडमध्ये. लंडनच्या संग्रहालयांतील जलरंगचित्रे उजेडामुळे फिकट होतात की नाही, यावर १८८६ च्या सुमारास मोठा वाद माजला होता. तेव्हा वॉल्टर रसेल आणि विल्यम ॲबनी या शास्त्रज्ञांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत ठेवल्या, प्रत्येक पट्टीचा काही भाग झाकला आणि नळ्या जवळजवळ दोन वर्षे उजेडात टांगून ठेवल्या. काही नळ्यांत कोरडी हवा होती, काहींत दमट हवा आणि काहींतून हवा काढून टाकली होती. शिवाय रंगीत काचांमधून वेगवेगळा प्रकाश पाडूनही त्यांनी निरीक्षणे केली.

१८८८ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. निळ्या-जांभळ्या बाजूचे किरण सर्वांत घातक ठरले. तांबड्या बाजूच्या किरणांचा परिणाम अगदी थोडा होता. दमट हवेत रंग लवकर उडाले. हवा काढलेल्या नळ्यांत मात्र बहुतेक रंग जसेच्या तसे राहिले! आज उत्तम संग्रहालयांत खिडक्या झाकतात, अतिनील किरण गाळणारे पडदे लावतात आणि आर्द्रता एका मर्यादेत ठेवतात, त्यामागे या साध्या काचनळ्यांचा धडा आहे.

उजेडाचे खाते

आता थोडे गणित करू. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहालयांवरील आपल्या ग्रंथात वस्त्रे आणि जलरंगचित्रे यांसाठी ५० लक्सची मर्यादा घालून दिली. संग्रहालयांच्या व्यवहारात आजही हा आकडा आधाराला घेतात. अभ्यासाच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. दुपारच्या थेट उन्हात हा आकडा १,००,००० लक्सपर्यंत जातो.

रंगाचे नुकसान साधारणपणे उजेड आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरते. म्हणजे ५० लक्स उजेड दहा तास पडला काय किंवा ५०० लक्स एक तास पडला काय, परिणाम जवळपास सारखाच. या गुणाकाराला 'लक्स-तास' म्हणू. एखादे वस्त्र ५० लक्स उजेडात रोज ८ तास, वर्षातील ३०० दिवस मांडले, तर हिशेब असा :

५० × ८ × ३०० = १,२०,००० लक्स-तास.

आणि थेट उन्हाचे १,००,००० लक्स धरले, तर एवढाच उजेड फक्त १ तास १२ मिनिटांत पडतो! संग्रहालयातील संपूर्ण वर्ष म्हणजे दोरीवरच्या उन्हातला सव्वा तास. उन्हातील अतिनील किरणांचे नुकसान यात धरलेलेच नाही, ते वेगळे.

रंग किती पक्का आहे हे मोजण्यासाठी निळ्या रंगाच्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचे एक प्रमाण वापरतात. पहिली पट्टी अगदी कच्च्या रंगाची, आठवी सर्वांत पक्क्या रंगाची. पहिल्या पट्टीचा रंग सुमारे ३,००,००० लक्स-तासांत डोळ्यांना कळेल इतका उतरतो. आपल्या हिशेबाने भागाकार करून पाहा : ५० लक्सच्या मंद उजेडातही फक्त अडीच वर्षे! अभ्यासाच्या टेबलासारखा ५०० लक्स उजेड ठेवला तर तीन महिने. म्हणून नाजूक वस्त्रे काही महिने मांडून पुढे काही वर्षे अंधारात ठेवण्याची पद्धत पडली. उजेड कमी करून नुकसान थांबत नाही, ते फक्त लांबते. आणि उडालेला रंग परत आणण्याचा उपाय कोणत्याही प्रयोगशाळेकडे नाही.

निळी पाने कुठून आली?

जे गेले त्याच्या खुणा जुन्या वस्त्रांवर वाचता येतात. कोरोमंडल किनाऱ्यावर हाताने रंगवलेली छिटाची कापडे सतराव्या-अठराव्या शतकांत जहाजे भरभरून युरोपात जात. आज संग्रहालयांत ती पाहताना कित्येकदा वेलीवरची फुले लाल दिसतात, पण पाने निळी! चित्रकाराने निळी पाने काढली होती काय? तसे नाही. हिरवा रंग मिळवण्यासाठी निळीवर पिवळ्या रंगाचा हात देत. निळीने तग धरला, पिवळा उडून गेला आणि हिरवी पाने निळी झाली. आपण ज्याला मूळ चित्र समजतो ते अशा वेळी अर्धेच चित्र असते.

काळ्या रेघेची कथा वेगळी आहे. लोह आणि टॅनिन यांच्या काळ्या रंगातील लोहामुळे धाग्याचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. म्हणून जुन्या कापडांत पुष्कळदा इतर भाग शाबूत असतो आणि काळ्या रेघा तेवढ्या झिजून गळून पडलेल्या असतात. ज्या रेघेने देवीचे डोळे उमटले, तीच रेघ सर्वांत आधी कापड खाते.

आता पटोळ्याच्या म्हणीची परीक्षा. धुण्याने आणि वापराने पटोळ्याचा लाल रंग सहज जात नाही, हे खरे. त्या अर्थाने म्हण योग्यच आहे. पण ज्यांनी ती म्हण केली त्यांचा पटोळा लग्नाकार्यापुरता बाहेर निघत असे आणि मग पुन्हा पेटीत जात असे. रोज आठ तास दिव्याखाली उभा राहणारा पटोळा त्यांनी पाहिला नव्हता. त्याला गुरुत्वाकर्षणही सोडत नाही. आरशांनी जड झालेला घागरा टांगून ठेवला तर त्याचा सगळा भार वरच्या थोड्या धाग्यांवर येतो, आणि घडी घालून ठेवला तर घडीच्या रेघेवर धागे तुटतात. म्हणून जड वस्त्रे आडवी ठेवतात आणि लांब कापडे नळीवर गुंडाळतात.

माझी चूक

मी अहमदाबादेत ओशाळलो होतो, त्याचे कारण आता सांगतो. आमच्या कॉलेजात एकदा 'घराघरांतील जुन्या वस्तू' असे प्रदर्शन भरवले होते. शेजारच्या आजींनी त्यांच्या माहेरची गुलबक्षी रंगाची रेशमी कुंची विश्वासाने माझ्या हाती दिली. त्यांच्या आईने ती शिवली होती. कुंची सर्वांना नीट दिसावी म्हणून मी ती पश्चिमेच्या खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात लावली. आठवड्याचे प्रदर्शन लोकाग्रहामुळे पंचवीस दिवस चालले. काढताना पाहतो तो घडीच्या आतला भाग गुलबक्षी आणि बाहेरचा राखेसारखा फिकट! काच लावली आहे, मग उन्हाचे भय कसले, असे मी समजलो होतो. साधी काच अतिनील किरणांतील सर्वांत कमी तरंगलांबीचे किरण अडवते. ३२० ते ४०० नॅनोमीटरमधले पुष्कळसे किरण ती आत सोडते, आणि दृश्य प्रकाश तर सगळाच येतो.

नंतर मी हिशेब मांडला. रोज तीन तास तिरपे ऊन आणि ५०,००० लक्स एवढेच धरले तरी पंचवीस दिवसांत ३७,५०,००० लक्स-तास होतात. संग्रहालयाने एकतीस वर्षांत खर्चला असता एवढा उजेड मी पंचवीस दिवसांत खर्च करून टाकला होता. फोटॉनच्या ऊर्जेचे सूत्र मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. पण खिडकीशेजारी कपाट ठेवताना मला ते आठवले नाही. आजी रागावल्या नाहीत. कुंचीची घडी उलगडून आतला रंग त्या बराच वेळ पाहत राहिल्या, एवढेच.

मग दाखवायचेच कशाला?

तुम्ही म्हणाल, एवढे नुकसान होत असेल तर ही वस्त्रे कायमची अंधारात का ठेवू नयेत? पण कोणीच पाहत नसेल तर संग्रहालय आणि कुलूपबंद पेटी यांत फरक काय राहिला? आपल्या नातवंडांनाही पटोळा पाहण्याचा तेवढाच हक्क आहे, जेवढा आपल्याला. तेव्हा उजेडाचे हे खाते आपण सर्वांनी मिळून, अनेक पिढ्यांत वाटून खर्च करायचे आहे. दालनातला मंद दिवा म्हणजे ही वाटणी. आता एलईडी दिवे आले आहेत. चांगल्या एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत आणि उष्णताही कमी पडते. तरी निळ्या प्रकाशाचा भाग त्यात असतोच, म्हणून उजेडाची मर्यादा सुटलेली नाही.

रंग कायमचे टिकणार नाहीत, पण रंगवण्याची रीत टिकू शकते. कोणत्या मुळीला किती तुरटी, गाठ कुठे मारायची, ताणा कसा जुळवायचा, हे ज्ञान हातांत असते. ज्या गिरणीच्या आवारात हे संग्रहालय सुरू झाले ती कॅलिको गिरणी पुढे बंद पडली. पाटणचा हातमाग मात्र अजून चालू आहे. जुन्या वस्त्राचे नमुने पाहून नवे वस्त्र विणता येते, आणि घडीच्या आत राहिलेला खरा रंग पाहून मूळ छटा ठरवता येते. त्यासाठी नमुनाही जपला पाहिजे आणि विणकरही.

तुमच्या घरी आजीची पैठणी किंवा इरकल असेल तर ती कशी ठेवली आहे ते विचारा. जुन्या मलमलीत गुंडाळून, अंधाऱ्या पेटीत, आणि अधूनमधून घडी बदलून, असेच उत्तर बहुधा मिळेल. दमटपणा घालवायला पावसाळ्यानंतर ती बाहेर काढायची, तर सावलीत आणि वाऱ्यावर ठेवावी. थेट उन्हात नको.

करून पाहा

पांढऱ्या सुती कापडाचा वीतभर तुकडा घ्या. कोमट पाण्यात चमचाभर हळद कालवून त्यात तो अर्धा तास भिजवा, पिळून सावलीत वाळवा आणि त्याच्या चार पट्ट्या करा. पहिली वहीत मिटून ठेवा. दुसरी उन्हात ठेवा, पण तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका. तिसरी उन्हातच, पण काचेखाली ठेवा. चौथी उन्हात, लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन थरांखाली ठेवा. दर तासाला सगळ्या पट्ट्या वहीतल्या पट्टीशी ताडून पाहा आणि नोंद करा. काचेने किती संरक्षण दिले? लाल कागदाखाली काय झाले? रसेल आणि ॲबनी यांना दोन वर्षांत जे दिसले, त्यातले थोडे तरी तुम्हाला एका दिवसात दिसेल. मग हाच प्रयोग लाल कुंकवाच्या किंवा निळीच्या पट्टीवर करा आणि कोणता रंग किती टिकतो याची क्रमवारी लावा.

शिक्षकांना एक विनंती. पुढची सहल एखाद्या संग्रहालयात न्याल तेव्हा मुलांना दारातच हा हिशेब सांगा. म्हणजे मंद दालनात शिरताना ती दिव्यांविषयी तक्रार करणार नाहीत. त्या दहा मिनिटांत आपल्या वाट्याला आलेले लक्स-तास ती डोळे भरून वापरतील.